खडा विष खातो म्हणे!

सदर : जाणून घेऊ या



मागच्या रविवारी समाजमंदिरात नेहमीप्रमाणे अर्ज लिहून देण्याचे काम चालू होते. कुणाचे रेशनकार्डात नाव चढवायचे होते, कुणाच्या मुलाचा जातीचा दाखला अडला होता, कुणाची निराधार पेन्शन थांबली होती. अकराच्या सुमारास औद्योगिक वसाहतीच्या मागच्या वस्तीतल्या एक मावशी आल्या. धुणीभांडी करून घर चालवणारी बाई. एका हातात पाण्याने भरलेली बाटली, दुसऱ्या हातात कापडाची लहानशी पुरचुंडी. बाटलीतले पाणी पातळ चहासारखे पिवळसर होते.

"भाऊ, हे आमच्या बोअरिंगचं पाणी," मावशी म्हणाल्या, "अन् या पुडीत खडे हायेत. रात्री कळशीत टाकायचे, झाकण ठेवायचं, सकाळी पाणी काचेवानी. विकणारा म्हनला, हा खनिज दगड हाय, जपानच्या लोकांनी शोधलाय, पाण्यातलं केमिकल खाऊन टाकतो अन् सोता कधी संपत नाही. साडेचारशे रुपये घेतले. माझी सून बाळंतीण हाय. नळ तिसऱ्या दिवशी येतो. बाळाची बाटली या पाण्यानं धुवू का? वरचं दूध यात कालवू का? तेवढं सांगा."

प्रश्न सरळ होता, उत्तर मला येत नव्हते. मी बी.कॉम. झालेला कारकून. जमा-खर्च कळतो, रसायनशास्त्र कळत नाही. "मावशी, आठ दिवस थांबा. तोवर ह्या पाण्याचा थेंब बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका," एवढेच सांगितले आणि ती पुडी व बाटली ठेवून घेतली. मग आपल्याच वस्तीतल्या, हायस्कूलवर विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींकडे चार संध्याकाळी जाऊन बसलो. तेथे जे समजून घेतले आणि जे डोळ्यांनी पाहिले, ते आज तुमच्यापुढे मांडतो. कारण त्या एकाच गल्लीत बारा घरांनी ती पुडी घेतली आहे. बाराला साडेचारशेने गुणा. पाच हजार चारशे रुपये गरिबाच्या कनवटीचे गेले.

पाण्याची घाण तीन जातीची

पहिली गोष्ट गुरुजींनी सांगितली ती अशी की, आपण 'घाण पाणी' असा एकच शब्द वापरतो, पण घाण तीन प्रकारची असते आणि तिघींचे औषध वेगवेगळे.

एक म्हणजे गाळ. माती, कचरा, डोळ्यांना दिसणारा. त्याला तुरटी फिरवली, पाणी निवळू दिले, फडक्याने गाळले की काम भागते.

दुसरी म्हणजे जंतू. कॉलरा, कावीळ, जुलाब यांचे. ते दिसत नाहीत, पण उकळी फुटली की मरतात. क्लोरिनचे औषध टाकले तरी बहुतेक मरतात.

तिसरी म्हणजे विरघळलेली रसायने. कारखान्याचा रंग, औषधाचा किंवा कीटकनाशकाचा अंश, शिसे-क्रोमियमसारखे धातू, खताचे नायट्रेट. यांना तुरटीचा आणि फडक्याचा फारसा धाक नाही. उकळल्याने तर धातू आणि क्षार जातच नाहीत. उलट पाण्याची वाफ होऊन पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण वाढते. आपल्या आयाबहिणी मोठ्या विश्वासाने म्हणतात, "आम्ही उकळूनच पितो हो." जंतूंपुरते ते अगदी बरोबर आहे. रसायनांपुरते तो विश्वास घातक आहे.

मावशींच्या बाटलीतली घाण ही तिसऱ्या जातीची. खडेवाला बोलत होता तेही हिच्याबद्दलच. मग प्रश्न उरतो, खनिज दगड रसायन खातो का?

सोयरीक जुळवणारा दगड

मला वाटले होते गुरुजी हसतील आणि "सगळी बनवाबनवी आहे" म्हणतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "गोष्ट निम्मी खरी आहे, म्हणूनच ती जास्त फसवते."

रसायनशास्त्रात उत्प्रेरक नावाची चीज असते. आपल्याकडे सोयरीक जुळवणारा मामा असतो ना, तसा तो. मुलीकडच्यांना आणि मुलाकडच्यांना एकत्र आणतो, बोलणी घडवतो, लग्न लागते. मामा मात्र होता तसाच राहतो आणि छत्री काखेत मारून पुढच्या घरी जातो. उत्प्रेरक दोन पदार्थांमधली क्रिया जलद घडवून आणतो, स्वतः खर्ची पडत नाही.

गुरुजींनी शाळेतला प्रयोग करून दाखवला. औषधाच्या दुकानात जखम धुवायला हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. काचेच्या नळीत ते थोडे घेतले. काही घडले नाही. मग त्यात चिमूटभर काळी पूड टाकली. लगेच फसफसून बुडबुडे आले. ते प्राणवायूचे बुडबुडे. पेरॉक्साइड मोडून त्याचे पाणी आणि प्राणवायू झाला. काळी पूड खाली जशीच्या तशी बसली. त्यात पुन्हा पेरॉक्साइड ओतले, पुन्हा फसफस.

ती काळी पूड म्हणजे मँगनीज डायॉक्साइड. जमिनीतून निघणारे खनिज. आपल्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजची खाण आहे. तिथले हे खनिज बॅटरीचे सेल बनवायला जाते. जुन्या सेलमध्ये जी काळी भुकटी दिसते, तिच्यात हेच असते. (एक इशारा : सेल फोडून ती भुकटी पाण्यात टाकण्याचा उद्योग कुणीही करू नये. सेलमध्ये इतर घातक पदार्थही असतात.)

तीन खनिजे, तीन कामे

पाण्यातली रसायने घालवण्यासाठी जगभर ज्या खनिजांचा उपयोग होतो, त्यांतली तीन आपण ओळखून ठेवू.

पहिले हेच मँगनीज. काही बोअरिंगचे पाणी उपसताना स्वच्छ असते आणि तासाभराने तांबडे होते. पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात, चहा काळा होतो. ते विरघळलेले लोखंड असते. मँगनीज डायॉक्साइडचा लेप असलेल्या वाळूतून असे पाणी हवेशी खेळवून सोडले, की लोखंड हवेतल्या प्राणवायूशी चटकन संयोग पावते, त्याचा गंज होतो आणि तो वाळूत अडकतो. ही वाळू वरचेवर उलट्या पाण्याने धुवावी लागते. लोखंड काढण्याच्या संयंत्रांत ही युक्ती फार वर्षांपासून वापरली जाते.

दुसरे टायटॅनियम डायॉक्साइड. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळसर जड रेती दिसते, तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते; टायटॅनियम त्यातूनही मिळते. जपानचे अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधात दाखवले की, पाण्यात ठेवलेल्या टायटॅनियम डायॉक्साइडवर प्रकाश पडला की पाण्याचेसुद्धा विघटन होऊ शकते. पुढे शास्त्रज्ञांनी हीच शक्ती घाण मोडण्यासाठी वापरली. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की पाण्यापासून 'हायड्रॉक्सिल रॅडिकल' नावाचे अतिशय तापट कण तयार होतात. ते क्षणभरही टिकत नाहीत, पण तेवढ्यात शेजारच्या रंगाच्या किंवा कीटकनाशकाच्या रेणूचा लचका तोडतात. असे तोडत तोडत शेवटी कार्बन डायॉक्साइड वायू, पाणी आणि थोडे क्षार एवढेच उरते. म्हणजे खडेवाल्याचा 'जपानी शोध' हवेतला नव्हता. फक्त त्याने एक गोष्ट सांगितली नाही. हे सारे प्रकाशावर चालते. शिवाय सूर्यप्रकाशात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. पाणी गढूळ किंवा गडद असेल तर तेही आत पोचत नाहीत.

तिसरे लोखंड. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी १८९४ साली दाखवले की, लोखंडाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्ल मोडते. टार्टारिक आम्ल म्हणजे आपल्या चिंचेचा आंबटपणा. त्यांचे लक्ष चिंचेच्या आम्लावर होते, पण आज हीच 'फेंटन प्रक्रिया' कापड रंगवणाऱ्या आणि औषधे बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यावर वापरली जाते. इथेही तेच तापट कण काम करतात. विरघळलेल्या क्षाराऐवजी मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकी दगड, किंवा गोएथाइट म्हणजे गंजासारखे खनिज वापरून ही क्रिया करण्यावरही पुष्कळ संशोधन झाले आहे. पण ही प्रक्रिया घरची नव्हे. पाणी आधी चांगलेच आम्लधर्मी करावे लागते, पेरॉक्साइड मोजून घालावे लागते, नंतर आम्ल मारावे लागते, आणि लोखंडाचा गाळ उरतो त्याची विल्हेवाट लावावी लागते. माणूस, मीटर आणि पैसा तिन्ही लागतात.

कारकुनाने मांडलेला ताळा

आता मावशींची पुडी. इथे मला माझी बी.कॉम. कामी आली. आमच्या कामात एक नियम आहे. एका खात्यातली रक्कम कमी झाली, तर ती दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात दिसलीच पाहिजे. नाही दिसली तर घोटाळा आहे. गुरुजींना म्हटले, पाण्यातला रंग गेला हे मान्य. पण तो गेला कुठे? मोडला की नुसता दुसऱ्या खात्यात वळता झाला?

आम्ही त्याच बोअरिंगचे पाणी कॅनमध्ये आणले आणि सलग पाच रात्री तेच खडे वापरून, तेवढेच पाणी घेऊन, झाकून ठेवले. पहिल्या सकाळी पाणी खरेच निवळ. मनात म्हटले, मावशींचे पैसे वाया गेले नाहीत. दुसऱ्या सकाळी थोडी पिवळी झाक. तिसऱ्या दिवशी अर्धा रंग तसाच. पाचव्या दिवशी खडे घातलेले पाणी आणि न घातलेले पाणी शेजारी ठेवले, तर फरक ओळखू येईना. शेवटी ते खडे गरम पाण्यात टाकून खळखळून हलवले. ते स्वच्छ गरम पाणी पिवळे झाले!

ताळा जुळला. रंग मोडला नव्हता. तो खड्यांच्या अंगाला चिकटून बसला होता, आणि खड्यांवर जागा संपल्यावर चिकटायचा थांबला. गुरुजींनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. एक, उत्प्रेरक असता तर पाच दिवसांत असा दमला नसता. दोन, टायटॅनियमचा खडा असता तर रात्री झाकण ठेवलेल्या कळशीत, मिट्ट काळोखात, काम करूच शकला नसता. विकणाऱ्याने स्वतःच 'झाकून ठेवा' असे सांगून स्वतःचे पितळ उघडे पाडले होते.

चिकटवून घेणे हा प्रकार खोटा नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. फिल्टरमधला खास प्रक्रिया केलेला कोळसा असेच काम करतो आणि पुष्कळ रसायने धरून ठेवतो. पण त्याची एक मर्यादा असते. ती भरली की कोळसा बदलावा लागतो. न बदलता तोच वापरत राहिलो तर पाणी गाळल्याचे फक्त समाधान मिळते. 'कधी संपत नाही' असे सांगून जो अशी वस्तू विकतो, तो आपल्याला पाचव्या दिवसापासून तेच विष विश्वासाने प्यायला लावतो. साडेचारशे रुपये गेल्याचे दुःख आहेच, पण त्याहून मोठा धोका हा आहे.

आणि धातूंचे काय? शिसे, क्रोमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. त्यांना जगातला कुठलाही उत्प्रेरक मोडू शकत नाही. त्यांचे रूप बदलता येते, त्यांना पाण्यातून वेगळे करून बाजूला ठेवता येते, पण नाहीसे करता येत नाही. बांगलादेशचे उदाहरण घ्या. जंतूंच्या पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून तेथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. १९९३ साली कळले की त्या जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही. बांगलादेशात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी लोखंड, वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे यांचा साधा फिल्टर बनवला. त्याला २००७ साली अमेरिकेत दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातही मँगनीज असलेले लोखंड आर्सेनिकचे रूप बदलायला मदत करते आणि मग लोखंडाचा गंज त्याला घट्ट धरून ठेवतो. म्हणजे तिथेही हिशोब तोच. आर्सेनिक पाण्याच्या खात्यातून निघून लोखंडाच्या खात्यात जमा झाले.

रंग गेला म्हणजे विष गेले का?

हा प्रश्न मी मुद्दाम ठळक करतो आहे. खरा उत्प्रेरक वापरला तरीसुद्धा काम अर्धवट सोडले तर धोका राहतो. रंगाचा रेणू दोन तुकड्यांत तुटला की डोळ्यांना रंग दिसत नाही, पण ते तुकडे पाण्यातच असतात. कधी कधी तुकडा मूळ रेणूपेक्षाही वाईट निघतो. म्हणून जाणकार लोक नुसता रंग पाहत नाहीत. ते 'सी.ओ.डी.' नावाचा आकडा तपासतात. पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळून टाकायला किती प्राणवायू लागेल, ते त्यावरून कळते. रंग गेला पण सी.ओ.डी. तेवढाच राहिला, तर समजावे की माल तोच आहे, फक्त वेष्टन बदलले. कारखान्याला सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचे असेल तर आपल्या देशातील सर्वसाधारण नियमाप्रमाणे हा आकडा लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो.

अर्धवट सोडलेल्या हिशोबाचे काय होते, हे बिछडी गावाला विचारावे. राजस्थानात उदयपूरजवळचे हे खेडे. १९८७-८८ च्या सुमारास तेथे 'एच-ॲसिड' नावाचे रसायन तयार होऊ लागले. ते कापडाचे रंग बनवायला लागते. या उत्पादनाचे सांडपाणी अत्यंत विषारी, आणि नेहमीच्या पद्धतीत जे जिवाणू घाण खातात त्यांनाही ते झेपत नाही. अशाच पाण्यासाठी फेंटनसारख्या प्रक्रियांचा शोध घेतला जातो. बिछडीत मात्र ते तसेच सोडून दिले. न्यायालयापुढे आलेल्या माहितीप्रमाणे सुमारे ३७५ टन एच-ॲसिडमागे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि २,४४० टन गाळ निघाला. उत्पादन थोड्याच काळात थांबले. विष मात्र जमिनीत मुरत राहिले. विहिरींचे पाणी माणसांना, गुरांना आणि शेतालाही नालायक झाले. गावकरी चिडून रस्त्यावर आले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पाहणीचे काम आपल्या नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने केले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. 'ज्याने घाण केली त्यानेच निस्तरण्याचा खर्च द्यायचा' हे तत्त्व न्यायालयाने ठणकावून लागू केले. खर्च सुमारे सदतीस कोटी रुपये ठरला. तरीही टाळाटाळ चालली, आणि २०११ साली न्यायालयाला ती रक्कम चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. सांडपाणी कारखान्याच्या दारातच शुद्ध केले असते तर केवढा खर्च आला असता, आणि ते जमिनीत मुरल्यावर केवढा आला, याचा हिशोब कुठल्याही कारकुनाने करावा.

माझे म्हणणे एवढेच आहे. खनिज उत्प्रेरक हे खरे आणि चांगले हत्यार आहे. त्याची जागा कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आहे. मावशींच्या कळशीत नाही. कारखान्याने जे यंत्र बसवून, माणूस नेमून करायचे, ते काम साडेचारशे रुपयांच्या पुडीने गरिबाच्या घरावर ढकलले जाते. विष त्यांचे आणि फिल्टरचा खर्च आपला, हा जमा-खर्च आपण का मान्य करायचा? पाण्यावरच्या हक्कासाठी आपले आजोबा-पणजोबा २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर गेले होते. त्या हक्कात पाणी पिण्यालायक असणेही आलेच.

आता करायचे काय?

भाषण पुरे. ज्यांच्या बोअरिंगच्या पाण्याला रंग, फेस किंवा औषधासारखा वास येतो त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१) ते पाणी पिऊ नये, त्यात स्वयंपाक करू नये, बाळाचे दूध कालवू नये. उकळूनसुद्धा नाही. पिण्यासाठी नळाचेच पाणी साठवावे आणि ते उकळावे. अंगाला खाज येत असेल तर अंघोळही टाळावी आणि डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगावे.

२) टी.डी.एस.चे छोटे मीटर पाहून निर्धास्त होऊ नये. ते फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. रंग, कीटकनाशक किंवा औषधाचा अंश त्यात दिसत नाही. आमच्या प्रयोगात पहिल्या दिवशी रंग गेला, पण मीटरचा आकडा जवळजवळ तोच होता. पाचव्या दिवशी रंग परत आला, तरी आकडा तोच! आर.ओ. यंत्राने क्षार आणि धातू बरेच कमी होतात, पण पाण्यात काय आहे ते न तपासता कुठल्याच यंत्रावर भिस्त ठेवू नये.

३) नमुना नीट घ्यावा. बोअरिंग पाच-दहा मिनिटे चालू ठेवावे. दोन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळावा, काठोकाठ भरावा, झाकण घट्ट लावावे. त्यावर जागा, तारीख, वेळ लिहावी. त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी.

४) खेड्यांसाठी जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर गावी पाच महिलांना तपासणीचा संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या मुली-सुनांनी त्यात पुढे व्हावे. मात्र या संचातून क्षार, लोखंड, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू अशा गोष्टी कळतात. कारखान्याची रसायने कळत नाहीत. म्हणून अर्जात स्पष्ट लिहावे : 'रंग, सी.ओ.डी., फिनॉल आणि जड धातू तपासून मिळावेत.'

५) तक्रार तोंडी करू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या भागातील कार्यालयात लेखी द्यावी, एक प्रत नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्यावी. १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे कारखान्याला सांडपाणी सोडण्यासाठी मंडळाची संमती लागते आणि मंडळाला नमुने घेण्याचा अधिकार आहे. वीस वर्षे टेबलामागे बसलेला माणूस म्हणून सांगतो, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

६) महिनाभरात काही हालले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा. दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही माफ. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. 'आमच्या वस्तीलगतच्या नाल्यातील सांडपाण्याचे मागील एक वर्षाचे तपासणी अहवाल द्यावेत' एवढे एक वाक्य पुरते. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.

काल संध्याकाळी मावशी पुन्हा आल्या. त्यांना पाचही दिवसांची हकीकत सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊ, साडेचारशे गेले ते गेले. पर मी तर पाचव्या दिवशीबी तेच पाणी दिलं असतं बाळाला, बेफिकीरीनं." त्यांच्या सुनेसाठी पुढच्या चाळीतल्या दोन घरांनी नळाच्या पाण्याच्या दोन-दोन कळश्या द्यायचे कबूल केले आहे. ही सोय कायमची नाही, पण बाळापुरती आजची आहे.

बारा घरांतल्या बायकांनी मिळून अर्ज केला. सह्या आणि अंगठे मिळून एकतीस झाले. सोमवारी तो मंडळाच्या कार्यालयात दिला, पाण्याचा नमुनाही दिला. खर्च झेरॉक्सचा आणि रिक्षाचा. आवक क्रमांक घालून शिक्का मारलेली प्रत मावशींनी स्वतःच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या आत ठेवली आहे.

अहवाल आला की याच सदरात देऊ. नाही आला, तर का आला नाही तेही देऊ. तोवर ज्यांच्या वस्तीत असे खडे, पुड्या किंवा 'कधी न संपणारे' फिल्टर विकायला येतील, त्यांनी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : "पाण्यातून निघालेलं विष गेलं कुठं, ते दाखव."